दार कुरकुरतं, असं मी लिहिलं

२ मार्च

निवृत्त झाल्यापासून हाताला काम नाही, म्हणून ही वही. नोकरी विमा कंपनीत सर्व्हेयरची होती. कुणाचं दुकान जळलं, गोदामात पाणी शिरलं, गाडी ठोकली, की जाऊन बघायचं आणि नेमकं काय काय बिघडलंय ते लिहायचं. वरिष्ठ म्हणायचे, याच्या नजरेतून ओरखडा सुटायचा नाही. सुटलाही नाही कधी.

तर सध्या आम्ही घर बदलतोय. कारण हिचे गुडघे. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. थंडी सुरू झाल्यापासून ही खाली उतरलेली नाही. भाजीवाल्याला गॅलरीतून दोरीने टोपली सोडते आणि भाव वरूनच ओरडून करते. तशी मजेत आहे.

पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. घरमालकीणबाई या महिनाअखेरपर्यंत आमच्यासाठी थांबणार, त्यानंतर खोल्या दुसऱ्यांना देणार. दोन खोल्यांत आमचं सगळं सामान मावणार नाही. तेव्हा जास्तीचं विकायचं आणि मगच हलायचं, असं ठरलं. ‘मगच’ हा शब्द माझा. हिचं म्हणणं होतं की आधी हलू या, सामानाचं मागाहून बघता येईल. पण कामाला काही क्रम असतो की नाही?

लेकीने माझ्या फोनवर जुन्या वस्तू विकायचं ॲप घालून दिलं. म्हणाली, “बाबा, फोटो काढा, चार ओळी लिहा, झालं.” एका चेपलेल्या बंपरवर मी चार पानं लिहिलेली आहेत. आणि लेक मला चार ओळी सांगते.

४ मार्च

पहिली जाहिरात टाकली. सोफ्याची. इथे उतरवून ठेवतो, कारण बरी जमलीय:

‘तीन जणांचा सोफा. प्रत्यक्षात अडीच. डावी उशी बसकी आहे, तिच्यावर बसलेला माणूस शेजारच्यापेक्षा बुटका दिसतो. पाठीवर चहाचा डाग, बशीएवढा. डाग पाहुण्यांचा आहे, पण पाहुणे निघून गेले. उजव्या हाताखाली एक स्प्रिंग आहे, ती दिसत नाही, कळते.’

संध्याकाळी हिचा धाकटा भाऊ आला. हा स्वतः त्या ॲपवर बऱ्याच दिवसांपासून आहे. वाचून म्हणाला, “भावजी, ही जाहिरात आहे की पंचनामा?”

मी म्हटलं, “जे आहे ते लिहिलंय.”

“अहो, ‘नव्यासारखा’ लिहायचं असतं. सगळे तेच लिहितात.”

त्याने मागच्या महिन्यात स्वतःची सायकल ‘नव्यासारखी’ म्हणून विकली होती. घेणारा कोपऱ्यापर्यंत गेला आणि पेडल हातात घेऊन परत आला. याची आठवण करून दिल्यावर मेहुण्याने विषय बदलला आणि चहा मागितला. बशी मीच नेऊन त्याच्या हातात दिली, सोफ्यावर ठेवू दिली नाही.

७ मार्च

शिलाई मशीनची जाहिरात मी अगदी थोडक्यात लिहिली. हिच्या पायांना आता पायमशीन चालवणं जमत नाही. तिला वाईट वाटत असणार, म्हणून फार चिरफाड केली नाही. लिहिलं, ‘शिलाई मशीन. मालकीण एकच. जुनी, पण चालू.’

हिने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“अहो, जुनी पण चालू कोण?”

“मशीन.”

“मशीनच्या आधी मालकीण लिहिलंय.”

“मध्ये पूर्णविराम आहे.”

“लोक पूर्णविराम वाचत नाहीत. चालू तेवढं वाचतात.”

तिचं खरं निघालं. ॲपवर खाली लोकांनी नाही नाही ते लिहिलं. एकाने विचारलं, मालकीण घरपोच मिळेल का. मी दुरुस्ती करायला निघालो तर ही म्हणाली, “राहू द्या. निदान कुणी विचारतंय तरी.” दुपारी एक शिवणकाम करणारी बाई हसत हसतच जिना चढून आली आणि मशीन घेऊन गेली. जाताना हिला म्हणाली, “ताई, तुम्हाला बघायचं होतं मला.”

मशीनबरोबर तेलाची कुपी द्यायची नाही, असं ही म्हणत होती. मी म्हटलं, मशीनच नाही तर तेल काय करायचंय? पण ऐकली नाही. ठेवून घेतली.

११ मार्च

सोफाही गेला. दोन भाऊ आले होते. थोरला म्हणाला, धाकटा फार उंच झालाय आणि डोक्यावर बसायला लागलाय, त्याला त्या डाव्या उशीवर बसवतो.

माझ्या जाहिराती लोक वाचतायत. विकत न घेणारेसुद्धा वाचतायत. खाली लिहितात, ‘असा खरा माणूस पाहिला नाही.’ ‘काका, पुढची वस्तू कधी?’ मी टेबलफॅन टाकला (‘वारा देतो, आणि तक्रारही ऐकवतो’), इस्त्री टाकली, मोडका स्टूलही टाकला. नोकरीत इतके अहवाल लिहिले, पण वाचून कुणी ‘वा’ म्हटलं नाही. म्हणणार कोण? ज्याचं दुकान जळलंय तो?

ही म्हणते, लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. आणि म्हणते, स्टूल काय मी उद्या जळणालाही देईन, तुम्ही कपाटाचं बघा.

कपाटाचा प्रश्न आहे खरा. लाकडी, दोन दारांचं, आमच्या लग्नानंतर मुद्दाम करवून घेतलेलं. नव्या घराच्या दारातून ते जातच नाही, मी मापं घेऊन आलोय. ते गेलं की बाकी सगळं एका टेंपोत मावेल. म्हणजे घोडं तिथे अडलंय.

१३ मार्च

दिवसभर कपाट तपासलं. विजेरी घेतली, भिंग घेतलं. आतून, बाहेरून, खालून पाहिलं. वाळवी नाही, पोपडा नाही, दार लोंबत नाही, कुलूप लागतं, आरसा स्वच्छ. माझ्या आयुष्यात मला कुणी कधी न बिघडलेली वस्तू बघायला बोलावलेलं नाही. अशा वस्तूबद्दल काय लिहितात ते मला माहीतच नाही. शेवटी लिहिलं, ‘लाकडी कपाट. दोष नाही.’

खाली लोकांनी लिहिलं, ‘काका, बरे आहात ना?’ ‘एवढ्या मोठ्या कपाटात एकही दोष नाही? काहीतरी लपवताय.’ ‘काकाही शेवटी विकायलाच बसलेत.’

जेवण गेलं नाही. आयुष्यभर खरं लिहिलं, आणि लबाड ठरलो ते नेमकं खरं लिहूनच.

१४ मार्च

कपाटाच्या जाहिरातीत एक वाक्य वाढवलं: ‘उजवं दार उघडताना कुरकुरतं, घरातल्या थोरल्या माणसाला कुणी झोपेतून उठवावं तसं.’

आता कुणी म्हणेल, दार तर कुरकुरत नाही. आज नाही कुरकुरत. पण लाकडाचं दार आहे, कधीतरी कुरकुरणारच. पुढे होणारं नुकसान धरायची पद्धत आमच्या खात्यात होती. तेव्हा हे खोटं नाही, थोडं आधी आहे इतकंच. हिला सांगितलं नाही. तिला आमच्या खात्यातल्या पद्धती माहीत नाहीत.

लोक खूश झाले. ‘आता कसं काका.’

१८ मार्च

कपाटासाठी दोन फोन आले. दोघांनाही मी स्पष्ट सांगितलं, कपाट फार जड आहे, जिना अरुंद आहे, वळणावर अडकण्याची शक्यता आहे, नीट विचार करा. त्यांनी विचार केला आणि आले नाहीत. यात माझा काय दोष?

नवीन खोल्यांचीही आज पाहणी करून आलो. रीतसर अहवाल लिहून हिच्या हातात दिला. मागच्या भिंतीला ओल. मोरीचा उतार चुकीचा. गॅलरी नाही. आमच्या इथे सकाळी गॅलरीत ऊन येतं, माझी खुर्ची बरोबर त्या उन्हात येते, समोरच्या झाडाचा शेंडा हाताला लागतो. अर्थात मी काही या घराला चिकटून बसलेलो नाही. जे दिसलं ते लिहिलं. आणि चौथा दोष: खिडकी थेट रस्त्यावर, येणारा-जाणारा आत डोकावतो.

हिने सगळा अहवाल वाचला. म्हणाली, “म्हणजे खिडकीतून माणसं दिसतील?”

मी म्हटलं, “अगं, तोच तर दोष सांगतोय.”

“हो का?” म्हणाली, आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला. का ठेवला असेल, देव जाणे.

२१ मार्च

कपाट गेलं. आणि गेलं ते कुरकुरीमुळेच. एका हौशी नाटक मंडळीचा दिग्दर्शक आहे, त्याचा फोन आला. नाटकाच्या दुसऱ्या अंकात म्हणे एक माणूस कपाटात लपतो आणि दार कुरकुरल्यामुळे पकडला जातो.

“बाकी कपाट कसंही असू दे, काका. आवाज पाहिजे. नक्की कुरकुरतं ना?”

मी म्हटलं, “जाहिरातीत आहे ते आहे.” मघाशी शब्द तोंडातून निघाले तेव्हा ठीक वाटले होते. आता लिहिताना जरा कसेतरीच वाटतायत.

जड आहे, जिना अरुंद आहे, हे त्यालाही सांगून पाहिलं. ऐकलंच नाही त्याने. चार हमाल घेऊन आला, वरती न डोकावता खालूनच सूचना देत राहिला. वळणावर कपाट अडकलं नाही. ही जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभी होती आणि हमालांना “सावकाश रे, सावकाश” म्हणत होती. मग आत येऊन कपाटाच्या रिकाम्या जागी उभी राहिली. म्हणाली, “चला, आता निघू या.”

म्हटलं, बघू. अजून पंख्याच्या खोक्याचं ठरायचंय.

२३ मार्च

कपाट परत आलं.

ॲपवर माझ्या नावासमोर लाल अक्षरांत तक्रार: ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. दार कुरकुरत नाही. सगळ्या नटांनी उघडून पाहिलं.’ दिग्दर्शक या वेळी वरपर्यंत आला. भांडला नाही, हात जोडले. “काका, लोक बिघडलेलं चांगलं म्हणून खपवतात. तुम्ही चांगलं बिघडलेलं म्हणून दिलंत. तुम्हाला बोलायचं तरी काय?” जाताना म्हणाला, आठवड्याभरात आवाज आला तर कळवा, अजूनही नेईन.

मेहुणा हसून हसून जिन्यातच बसला. ही आत गेली आणि बांधून ठेवलेल्या बोचक्यातून दोन चादरी पुन्हा काढल्या.

२४ मार्च

सकाळपासून दाराच्या मागे लागलोय. बिजागऱ्या फडक्याने कोरड्या केल्या, मिठाचं पाणी लावलं, दार शंभरदा पुढे-मागे केलं. जरासुद्धा आवाज नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरतं. शेवटी मी नुसता दाराकडे बघत बसलो होतो, तर मागे ही उभी.

“काय चाललंय?”

मी सगळं सांगितलं. वाढवलेलं वाक्य, खात्यातली पद्धत, लोकांचा विश्वास.

“ते नाही कुरकुरणार,” ती म्हणाली. “त्याला मी तेल घालते. मशीनच्या कुपीतलं. सगळ्याच दारांना घालते, खिडक्यांनाही.”

“कधी?”

“तुम्ही लोकांची जळलेली दुकानं बघायला जायचात, तेव्हा.”

मला वाटत होतं, सुताराचा हात चांगला होता. इतकी वर्षं मी प्रत्येकाला त्या सुताराचं कौतुक सांगत आलोय. पाहुण्यांनासुद्धा. ही ऐकत असायची.

मग ती म्हणाली, “त्या दोघांना फोनवर जड आहे, अडकेल, असं कशाला सांगितलंत?”

“खरं होतं ते सांगितलं.”

“मग सगळंच सांगायचं होतं.”

“आणखी काय राहिलं?”

“या घरात कुणी कुरकुरत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे,” म्हणाली आणि गुडघा धरत आत गेली. मी राहिलेला दोष शोधायला जाहिरात पुन्हा काढून वाचली. मला काही सापडलं नाही.

२६ मार्च

घरमालकीणबाईंचा फोन. दुसरं कुटुंब तयार आहे, तुमचं काय ते दोन दिवसांत सांगा. मी हिला म्हटलं, एवढी काय घाई आहे, पुढच्या वर्षी याहून बऱ्या खोल्या निघतील, इथे निदान गॅलरी तरी आहे.

ही गॅलरीतच बसली होती. खाली भाजीवाला आला, ओरडला, वाट बघून गेला. हिने टोपली सोडलीच नाही. मी विचारलं, आज भाजी नको का?

म्हणाली, “त्याचा चेहरा कसा आहे हो? मी विसरले. वरून नुसती टोपी दिसते.”

मी सांगितलं. वय साधारण चाळीस, रंग सावळा, डाव्या गालावर तीळ, पुढच्या दातांत फट. वर्णन चोख होतं. तरी ती रडायला लागली. मी पाणी आणून दिलं. मला फार वाईट वाटलं, पण कशाचं ते नीट कळत नव्हतं. मग खुर्चीत जाऊन बसलो. ऊन होतं, पण बसवेना.

२७ मार्च

मी अंघोळीला गेलो तेवढ्यात हिने माझ्या फोनवरून कपाटाची जाहिरात बदलली. माझी पुसून टाकली आणि स्वतःची लिहिली. जशीच्या तशी उतरवतो:

‘कपाट चांगलं आहे. दार कुरकुरत नाही, कधीच कुरकुरलं नाही. तेल मी घालते. नव्या घराच्या दारातून जात नाही म्हणून द्यायचंय. एक दोष आहे, पण तो कपाटात नाही. कपाट गेलं की हे घर सोडावं लागेल, आणि आमच्या ह्यांना ते सोडवत नाही, म्हणून ते गिऱ्हाइकांना घाबरवतात. मला खाली जायचंय. कुणीतरी लवकर या.’

चष्मा लावून वाचलं. मग लाल पेन घेऊन वाचलं. दुसऱ्याच्या अहवालात चूक काढायला मला वेळ लागत नाही. पण हिच्या एका वाक्यावरही बोट ठेवता येईना. एवढी वर्षं लोकांचं नुकसान मोजत फिरलो आणि घरातलं हे माझ्या नजरेतून सुटलं. मला स्वतःची लाज वाटली.

जाहिरातीत फक्त उंची, रुंदी, खोली राहिली होती. ती मी भरली. आणि खाली लिहिलं, ‘जिना अरुंद आहे, पण कपाट जातं. एक बाजू मी धरीन.’

मग घरमालकीणबाईंना फोन करून सांगितलं, आम्ही येतोय.

२८ मार्च

सकाळी उठेपर्यंत फोनवर फोन. लोकांना कपाट नको होतं, ताई खाली उतरल्या का तेवढंच विचारायचं होतं. पण त्यातली एक परिचारिका आपल्या नवऱ्याला घेऊन थेट दाराशीच आली. तिने कपाटाआधी हिचे गुडघे बघितले, मग कपाट बघितलं, आणि दोन्हींबद्दल ठीक आहे म्हणाली. एक बाजू मी धरली. पाठ धरलीय. लिहिताना वाकता येत नाही.

३० मार्च

हललो. हिला खाली न्यायला मेहुण्याने खुर्ची आणली होती, दोन हमाल उचलणार होते. ही म्हणाली, “मी काय कपाट आहे?” कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. मी एक पायरी पुढे, उलटा, तिच्याकडे तोंड करून. प्रत्येक मजल्यावर थांबलो. शेजारी दारात आले, सगळ्यांशी बोलली. एकालाही गुडघ्यांचं काही सांगितलं नाही. वरच्या घराला कुलूप लावताना मला रडू आलं. हिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

१ एप्रिल

सकाळी जाग आली तर अंथरुणात ही नाही. मोरीत नाही, स्वैपाकघरात नाही. दुसरी खोली ती, संपलं घर. पुढचं दार नुसतं लोटलेलं. थंडी सुरू झाल्यापासून आजवर ही घरात नाही असा एक क्षण मी पाहिलेला नव्हता. खिडकीतून दोन्ही बाजूंना बघितलं, दिसली नाही. कुठे शोधायचं तेही कळेना. तिला कुठे जायला आवडतं हे मला माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

बऱ्याच वेळाने आली. काठी टेकत, सावकाश. हातात पिशवी नाही, काही नाही. केस वाऱ्याने विस्कटलेले.

“कुठे गेली होतीस?”

“कुठे नाही.”

“काय आणायचं होतं?”

“काही नाही.”

“मग कशाला गेलीस?”

“जाता येतं म्हणून,” म्हणाली. धाप लागली होती, तरी हसत होती. उंबऱ्याशी थोडी टेकली, दम खाल्ला, आणि म्हणाली, “चला, तुम्हाला दाखवते.”

मी अजून तोंडही धुतलेलं नव्हतं. तसाच गेलो.